हिंदवाडीतल्या को-वर्किंगने मेंबरांना जिमचं कार्ड द्यावं का?

प्रश्न: मी आणि माझा धाकटा भाऊ बेळगावच्या हिंदवाडीत वडिलांच्या घराच्या वरच्या मजल्यावर को-वर्किंग चालवतो. ३० खुर्च्या आहेत, त्यातल्या १९ कायमच्या भरलेल्या. महिन्याची फी ४,००० रुपये अधिक जीएसटी. पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांचं काम इथं बसून करणारी मुलं-मुली आहेत, उद्यमबागेतल्या हायड्रॉलिक्सवाल्यांची ड्रॉइंग करणारे दोघे आहेत, कन्नड-मराठी भाषांतर करणाऱ्या एक बाई आहेत. आता काँग्रेस रोडला एक मोठी जागा सुरू झाली आहे. त्यांच्या जाहिरातीत जिमचं कार्ड, कॉफी मशीन, हॉटेलांत सूट, सॉफ्टवेअरवर सवलत असं बरंच काही आहे. दोन महिन्यांत आमचे दोन मेंबर गेले. एक म्हणाला, तिकडं फायदे जास्त आहेत. दुसरा काहीच बोलला नाही. भावाने जिम, कॉफी मशीन आणि सवलतींचं ॲप असा मिळून महिन्याला ११,५०० रुपयांचा खर्च काढलाय. तो म्हणतो, "ताई, हे नाही दिलं तर राहिलेले पण जातील बघ." वडील म्हणतात, "घर आपलं आहे, भाडं नाही, देऊन टाका की." जुलैत दोन दुपारी नेट गेलं होतं आणि शेजारच्या खुर्चीवरचा फोनवर बोलतो अशा तक्रारी येत असतात, पण ते काय सगळीकडेच असतं. आम्ही काय करावं?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर:

ताई,

पैसे खर्च करण्याआधी तुमच्याच पत्राच्या शेवटच्या ओळी पुन्हा वाचा. जुलैत दोन दुपारी नेट गेलं, शेजाऱ्याच्या फोनचा त्रास होतो, "पण ते सगळीकडेच असतं". तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे, आणि तुम्ही ते जाता जाता लिहिलंत. तुमचा मेंबर घरी फुकट बसू शकतो. तरी तो ४,००० रुपये मोजतो, कारण घरी पाहुणे येतात, लहान मूल रडतं, मीटिंगच्या मधेच लाईट जाते आणि समोर बंगळुरूचा मॅनेजर ताटकळत बसतो. तुमच्याकडे येऊनही हेच होणार असेल, तर जिमचं कार्ड त्याला थांबवणार नाही. आणि हे होत नसेल, तर जिमच्या कार्डासाठी तो जाणारही नाही.

भावाचा हिशेब पुढे नेऊन बघू या. १९ मेंबरांचे महिन्याला ७६,००० रुपये येतात. ११,५०० म्हणजे त्यातले १५ टक्के, दर मेंबरमागे साधारण ६०५ रुपये. गेलेल्या दोघांची फी होती ८,०००. म्हणजे हे सगळं दिलं असतं आणि दोघंही थांबले असते, तरी दर महिन्याला ३,५०० तुमच्या पदरचे गेले असते. खर्च भरून निघायला तीन मेंबर हवेत, आणि तेही निव्वळ या यादीमुळे आलेले किंवा थांबलेले. आणखी एक बाब भावाने तपासून घ्यावी. जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) प्रमाणे जिमच्या सदस्यत्वावर तुम्ही भरलेल्या कराचं क्रेडिट मिळत नाही, म्हणजे तो कर तुम्हाला भरायच्या जीएसटीतून वजा करता येत नाही. त्याने तो आकडा कर सोडून धरला असेल, तर खरा खर्च त्याहून जास्त आहे.

वडिलांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. भाडं नाही हे तुमचं मोठं बळ, पण ते उधळण्यासाठी नाही. मोफत बिअरच्या नळांसाठी गाजलेल्या वीवर्क या को-वर्किंग कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. तिला मुख्यतः दीर्घ मुदतीच्या भाडेकरारांचं ओझं झेपलं नाही. सवलती कितीही दिल्या, तरी भाड्याचा भार त्याने हलका होत नाही. काँग्रेस रोडवाल्यांना भाडं भरायचं असेल, तर जागा लवकर भरायची घाई त्यांना असणार आणि त्यांची जाहिरातही तशीच असणार. तुम्हाला ती घाई नाही. ११ खुर्च्या रिकाम्या असूनही तुम्ही तग धरून आहात. हा वेळ तुम्हाला मिळालाय, तो चांगल्या कामी लावा.

या धंद्याच्या सुरुवातीची एक गोष्ट तुमच्या भावाला जरूर सांगा. ब्रॅड न्यूबर्ग नावाच्या तरुणाने २००५ साली सॅन फ्रान्सिस्कोत आठवड्यातून दोन दिवस अशी पहिली जागा उघडली. तिथं फुकट वायफाय होतं, एकत्र जेवण होतं, ध्यान आणि मसाजसुद्धा होता. पहिल्या महिन्यात एकही माणूस आला नाही. मग तो स्वतः बाहेर पडून लोकांना भेटायला, सांगायला लागला, तेव्हा कुठं माणसं येऊ लागली.

आता काम कुठून सुरू करायचं ते सांगते. नेटच्या दोन लाइनी घ्या, दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या, आणि एक गेली की आपोआप दुसरीवर जाणारा राऊटर बसवा. लाइन घेताना दोन्ही केबल एकाच खांबावरून येत नाहीत ना, हे भावाने रस्त्यात उभं राहून बघावं. आपल्याकडच्या पावसात एक फांदी पडली की दोन्ही एकदम तुटतात, आणि दोन बिलं भरूनही मेंबर बसतो तसाच. हेस्कॉमची लाईट गेल्यावर सगळा मजला इन्व्हर्टरवर चालवायची गरज नाही. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते. राऊटर आणि फायबरचा डबा फार थोडी वीज खातात. त्यांच्यासाठी वेगळा छोटा यूपीएस ठेवा, मोठ्या इन्व्हर्टरवर दिवे आणि पंखे ठेवा.

फोनसाठी दोन छोट्या खोल्या लागतील. आपल्याकडच्या जुन्या घरांत जिन्याखाली किंवा गॅलरीच्या टोकाला अडगळीची जागा असतेच. सुताराकडून एक माणूस बसेल एवढा बूथ करून घ्या, आतून आवाज शोषणारं अस्तर लावा, आणि काहीही झालं तरी पंखा विसरू नका. हवा नसलेल्या बूथमध्ये कोणी दुसऱ्यांदा जात नाही. तुम्ही महिन्याला ११,५०० खर्चायला निघाला होतात. तीनच महिन्यांचे ३४,५०० होतात. त्यात दुसरी लाइन, यूपीएस आणि पहिला बूथ एवढ्याला तरी हात घालता येईल, आणि यातला बराचसा खर्च एकदाच करायचा आहे.

मग हे लेखी द्या. कामाच्या वेळेत नेट सलग तासाभराहून जास्त बंद राहिलं, तर त्या दिवसाची फी परत. महिन्याचे कामाचे २६ दिवस धरले, तर दिवसाला साधारण १५४ रुपये होतात, आणि सगळ्यांना परत करायची वेळ आली तर २,९०० च्या आसपास. तुम्हाला हे झेपेल. जाहिरातीत या एका ओळीचं वजन बारा सवलतींच्या यादीपेक्षा जास्त आहे, कारण बंगळुरूच्या कंपनीत काम करणाऱ्या मुलीला तिच्या वरिष्ठांना दाखवायला नेमकं हेच लागतं.

यानंतर सवलती. सवलती द्यायच्याच नाहीत असं मी म्हणत नाही. तुमच्याकडे जे पडून आहे, ते आधी द्या. ११ रिकाम्या खुर्च्या आणि दुपारभर रिकामी असणारी मीटिंगची खोली यांचा तुम्हाला वेगळा खर्च नाही. दर मेंबरला महिन्यातून दोन दिवस पाहुणा आणू द्या. मीटिंगच्या खोलीचे काही तास मोफत धरा. पुण्याहून आलेल्या सहकाऱ्याला मेंबर कौतुकाने तुमच्याकडे घेऊन आला, तर त्यातून तुमची ओळख आपोआप वाढते.

दुसरी तशीच गोष्ट म्हणजे बाहेरगावची खुर्ची. बेळगावचा माणूस सतत प्रवासात असतो. कोल्हापूरला नातलग, हुबळीला काम, गोव्याला सुट्टी, पुण्याला कंपनीचं ऑफिस. या गावांत तुमच्यासारखी छोटी को-वर्किंग आहेत. एकमेकांच्या मेंबरांना महिन्याला दोन दिवस फुकट बसू द्यायचं, आदल्या दिवशी फोन करायचा, पैशांचा व्यवहार नाही, एवढा साधा करार मालकांशी बोलून होतो. को-वर्किंग व्हिसा नावाची अशीच व्यवस्था जगभरातल्या छोट्या जागांनी आपसांत केली होती. फक्त डिसेंबरात हात जरा आखडता घ्या. हलग्याच्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं, तेव्हा बेळगावात पत्रकार, अधिकारी, पक्षांची माणसं येतात आणि शांत बसून बातमी किंवा अहवाल लिहायला जागा शोधतात. त्या दिवसांत तुमच्या रिकाम्या खुर्च्यांचे डे पास विकले जाऊ शकतात. हलग्यात जाऊन एखाद्या पत्रकाराच्या हातात पत्रक द्या.

ज्या सवलतीबद्दल मला मनापासून लिहायचं आहे, ती काँग्रेस रोडच्या यादीत नाही आणि पुण्या-मुंबईच्या कुठल्याच यादीत नसणार. तुमच्या मेंबरांत कन्नड-मराठी भाषांतर करणाऱ्या बाई आहेत असं तुम्ही लिहिलंय. मराठी शाळेत शिकलेला, पुढे इंग्रजीत इंजिनिअरिंग केलेला पंचविशीतला मुलगा आपल्याकडे घराघरांत आहे. कोडिंगमध्ये हुशार, पण महापालिकेचा ट्रेड लायसन्सचा अर्ज किंवा हेस्कॉमच्या जोडणीचा कागद समोर आला की अडतो. गावाकडच्या जमिनीचा उतारा कन्नडमध्ये, ग्रामपंचायतीची नोटीस कन्नडमध्ये. स्वतःची फर्म काढली की दुकानाच्या पाटीवर ६० टक्के जागा कन्नडला द्यावी लागते, हा नियम २०२४ पासून कर्नाटकभर आहे. अशा वेळी हा मुलगा ओळखीतल्या कोणाला तरी गाठतो, चार दिवस घालवतो, कधी एजंटला नको तेवढे पैसे देतो. सीमाप्रश्नावर कोणाचं मत काहीही असो, अर्ज वेळेत आणि बरोबर भरला गेला नाही तर नुकसान त्याचं होतं.

त्या बाईंशी बोला. आठवड्यातून एक ठरावीक दिवस, संध्याकाळी दोन तास, मेंबरांचे कागद वाचून समजावून सांगायचे आणि अर्ज तपासून द्यायचे. बदल्यात त्यांच्या फीमधून १,५०० रुपये कमी करा. मोठं भाषांतर असेल तर ते त्यांचं स्वतंत्र काम, त्याचे पैसे त्या मेंबरने त्यांना द्यावेत. तुम्हाला १,५०० चा खर्च, त्या बाईंना नवी गिऱ्हाइकं, आणि मेंबरला असं काही की जे सोडून जाताना तो दोनदा विचार करेल. याचा उलटा उपयोगही आहे. धारवाड-हुबळीकडून आलेल्या कन्नड भाषिक मेंबरला चंदगड-कोल्हापूरकडच्या गिऱ्हाइकांशी मराठीत पत्रव्यवहार करायचा असतो. त्यालाही तेच टेबल चालेल. म्हणजे आज जो मेंबर तुमच्याकडे नाही, तोही या एका गोष्टीसाठी जिना चढून येईल.

याच्या बरोबरीची दुसरी गोष्ट म्हणजे काम मिळवून देणं. ड्रॉइंग करणारे तुमचे दोघे उद्यमबागेत ओळखले जातात. तिथल्या फाउंड्रीवाल्यांना, हायड्रॉलिक्सवाल्यांना, मशीन शॉपवाल्यांना वेबसाइट लागते, परदेशी गिऱ्हाइकाला पाठवायला नीट इंग्रजीतला कॅटलॉग लागतो, स्टॉकचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर लागतं. हे करणारी मुलं तुमच्या वरच्या मजल्यावर बसली आहेत आणि एकमेकांचं काम काय हेही कदाचित त्यांना माहीत नाही. महिन्यातून एकदा एखाद्या कारखानदाराला चहाला बोलवा. व्यासपीठ नको, हारतुरे नकोत, भाषण नको. त्याने आपली अडचण सांगावी, तुमच्या मेंबरांनी प्रश्न विचारावेत. यातून कोणाला २०,००० चं काम मिळालं, तर त्याची पाच महिन्यांची फी निघाली. तुम्ही मधे कमिशन घेऊ नका, अगदी कोणी देऊ केलं तरी. एकदा घेतलंत की पुढची ओळख तुम्ही कोणासाठी करून देता, यावर शंका येते.

बेळगावला वर्गणी भरून एका छताखाली बसायची सवय जुनी आहे. सार्वजनिक वाचनालय इथं १८४८ सालापासून आहे. तेव्हा "आमच्या गावात हे चालत नाही" असं कोणी म्हणालं, तर ते मनावर घेऊ नका.

बाकीच्या यादीबद्दल थोडक्यात. हॉटेलची सूट हवी असेल तर हॉटेलवाल्याकडून फुकट मिळते. त्याचं पत्रक बोर्डावर लावा, त्यासाठी ॲप नको. जिमवालाही तुमच्या मेंबरांना स्वतःहून सूट देईल, पण पैसे मेंबरने जिमलाच भरावेत. वडगावात राहणारी मुलगी संध्याकाळी काम संपल्यावर कॅम्पातल्या जिमला जाणार नाही, तिच्यासाठी तुम्ही दरमहा पैसे का भरायचे? सॉफ्टवेअरच्या सवलती बहुतेक नव्या स्टार्टअप कंपन्यांसाठी असतात, नोकरदाराला आणि ड्रॉइंगवाल्याला त्यांचा उपयोग नाही. कॉफी मशीनपेक्षा दोन वेळा वेळेवर येणारा चांगला चहा मी पसंत करीन. जेवणाकडे मात्र लक्ष द्या. जवळच्या खानावळीकडून डबा ठरवून द्या, पैसे ज्याचे त्याने द्यावेत, तुम्ही फक्त जेवायला वेगळं टेबल आणि हात धुवायला बेसिन करून द्या. कामाच्या टेबलावर डबा उघडला की वास दुपारभर राहतो, आणि त्याचीही तक्रार होते.

नवे मेंबर शोधताना एक कराची गोष्ट लक्षात ठेवा. तुमचं वर्षाचं उत्पन्न साधारण ९ लाख १२ हजार होतं, म्हणजे सेवांसाठीच्या २० लाखांच्या मर्यादेच्या आत. तरी तुम्ही जीएसटी लावता, ते बहुधा कंपन्यांना बिल लागतं म्हणून. जागेशी निगडित सेवेचा कर जागा जिथं असेल त्या राज्याचा लागतो. म्हणून तुमच्या बिलावर कर्नाटकाचा जीएसटी येतो. ४,००० वर १८ टक्क्यांनी ७२० रुपये जीएसटी होतो. कर्नाटकात नोंदणी असलेल्या बंगळुरूच्या कंपनीला त्या ७२० रुपयांचं क्रेडिट मिळू शकतं, फक्त महाराष्ट्रात नोंदणी असलेल्या पुण्याच्या कंपनीला ते मिळत नाही. तुमच्या सीएला बिल दाखवून हे पक्कं करून घ्या आणि कंपनीच्या पैशांनी बसणारा मेंबर शोधताना बंगळुरूकडे आधी वळा. भावाच्या सगळ्या यादीने दरमहा ६०५ रुपयांचा फायदा दिला असता, आणि इथं त्याहून मोठा फरक नुसत्या पत्त्यामुळे पडतोय.

जिमचं कार्ड योग्य ठरेल अशी वेळही येऊ शकते. उद्या एखादी कंपनी म्हणाली, आम्हाला दहा खुर्च्या द्या, आमच्या एचआरला कर्मचाऱ्यांसाठी जिम हवी आहे, तर त्या कंपनीच्या दरात जिम धरा आणि द्या. मागणारा समोर आहे, पैसे त्याच्याकडून येतायत, मग नाही म्हणायचं कारण नाही. सगळ्यांच्या फीमधून थोड्यांच्या हौसेसाठी पैसे काढणं मला पटत नाही, कारण तुमच्यातले काही जण ते ४,००० सुद्धा ओढाताण करून देत असतील.

मेंबरांना विचारायचं ठरवलंत, तर फॉर्म वाटून "जिम हवी का, कॉफी हवी का" असं विचारू नका. फुकट म्हटलं की सगळे हो म्हणतात. एकेकाला बाजूला घेऊन विचारा, "फी ४,६०० करून जिम आणि कॉफी दिली तर चालेल, की ४,००० च राहू दे?" उत्तर लगेच कळेल. त्याच वेळी दुसरा प्रश्न विचारा: गेल्या आठवड्यात इथं बसून कोणतं काम अडलं? उत्तरं भावाने वहीत लिहून घ्यावीत. त्याला आकडेमोडीची आवड आहे हे पत्रावरून दिसतंय. आणि त्याची भीती खोटी नाही, मेंबर गेले की वाईट वाटतंच. त्याला नुसतं "नको" म्हणू नका, हे सगळं काम त्याच्याच हाती द्या.

आणि गेलेल्या दोघांना फोन करा, परत या म्हणायला नाही, फक्त विचारायला. ज्याने फायदे जास्त आहेत असं सांगितलं, त्याने कदाचित तोंडावर सांगायला सोपं कारण दिलं असेल. आधी त्याला फोन करा जो काहीच बोलला नाही. जुलैच्या त्या दोन दुपारी तो खुर्चीवर होता का, आणि नेट गेलं तेव्हा त्याचं काय चाललं होतं, एवढं विचारा आणि त्याला बोलू द्या.